कडेची माणसे आणि लांब चित्राचा कॅमेरा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार कायद्यावर काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळविला तो कॅमेऱ्याचा. त्यावर त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, "अहो, युनियनचा माणूस आणि कॅमेरा, यांचा संबंध काय?" संबंध आहे, आणि माझ्यापुरता तो बराच जुना आहे. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते वाचलेले थोडे, हातांनी करून पाहिलेले थोडे, अशा स्वरूपाचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१९९८ साली एका जिल्ह्याच्या गावातील ओतकामाचा एक कारखाना बंद पडला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी फाटके त्या काळात गावोगाव बंद होत होती. मी तेव्हा ऐन पंचविशीतला होतो आणि युनियनच्या कामाला नुकताच लागलो होतो. शेवटच्या दिवशी पाळी सुटल्यावर सर्वांनी मिळून एक फोटो काढून घ्यावा असे ठरले. कारखान्याचे फाटक आणि समोरच्या घरांची भिंत यांच्यामधली वाट जेमतेम पंधरा-सोळा फूट रुंद होती. फोटोग्राफर भिंतीला पाठ टेकवून उभा राहिला, तरी दोन्ही टोके काही त्याच्या कॅमेऱ्यात मावेनात. "जवळ सरका, अजून जवळ सरका," असे तो सारखा सांगत होता. अखेर उजेड जाऊ लागला, तेव्हा त्याने मधला भाग धरला आणि बटण दाबले.

आठ दिवसांनी फोटो हाती आला. मध्ये मुकादम, मोल्डर, फिटर आणि कचेरीतले कारकून होते. डाव्या कडेला वाळू चाळणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यापैकी एकीचा पदर तेवढा आला होता. उजव्या कडेला कंत्राटी माणसे होती. त्यांच्यातील एकाचे कोपर आले होते. फोटोग्राफरचा यात दोष नव्हता. कडेला कोण उभे राहते हे त्याने ठरविलेले नव्हते. ते कारखान्याने बारा वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते.

पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहिला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे ज्याचे वर्षात २४० दिवस काम भरले असेल, त्याला कामावरून कमी करताना भरपाई मिळण्याचा हक्क होता. मालकपक्षाने सांगितले की, ही अकरा बायका आणि चौदा पुरुष आमची माणसे नव्हेतच, आमच्या हजेरीपटावर त्यांची नावे नाहीत. आमच्यापाशी कागद कोठला असणार? मी आपला तो फोटो घेऊन गेलो. समोरच्या वकिलांनी तो हातात घेतला आणि अगदी सौम्यपणे विचारले, "यांत त्या कोठे आहेत?" मी पदराकडे बोट दाखविले. एका पदरावरून २४० दिवस कसे मोजणार? दावा काही फोटोपायी गेला नाही, तो हजेरीपटापायी गेला, हे मला समजते. त्या पंचवीस जणांना काहीही मिळाले नाही. पण त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता. पंधरा फुटांच्या बोळातून सगळ्यांना एका चित्रात घेता येते की नाही? आणि येत असेल, तर ते कोणी आणि कसे केले?

या प्रश्नाचा माग काढीत गेलो, तो मला दीडशे-दोनशे वर्षे मागे घेऊन गेला.

साध्या कॅमेऱ्याचे भिंग आपल्यासमोरचा सुमारे पन्नास अंशांचा तुकडा पाहते. मान न वळविता आपल्याला स्पष्ट दिसते, साधारण तेवढाच. मान वळविली की जग मोठे होते. ही मान वळविण्याची क्रिया चित्रात आणावी, ही कल्पना छायाचित्रणाच्याही आधीची आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या आयरिश चित्रकाराने १७८७ साली एका वर्तुळाकार चित्राचे पेटंट घेतले. मोठ्या गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सभोवारचे दृश्य रंगवायचे आणि पैसे देऊन आत आलेल्या प्रेक्षकाने मध्यभागी उभे राहून ते पाहायचे. १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने त्यासाठी खास इमारत बांधली. 'पॅनोरमा' हा शब्द याच चित्रांच्या निमित्ताने रूढ झाला. ग्रीक भाषेतील 'सर्व' आणि 'दृश्य' या अर्थांच्या दोन शब्दांची ती जोडणी आहे.

छायाचित्राची कला १८३९ साली जगजाहीर झाली, आणि चार वर्षे जातात न जातात तोच लोक तिला मान वळवायला शिकवू लागले. १८४३ साली ऑस्ट्रियात योसेफ पुखबेर्गर याने अशा कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रीडरिश फॉन मार्टेन्स या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने प्रत्यक्ष चालणारा कॅमेरा केला. त्याची युक्ती अशी होती. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा वाकवून कमानीसारखा बसवायचा आणि समोरचे भिंग हाताच्या दांड्याने, दातेरी चाकाच्या साहाय्याने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचे. भिंगामागे एक उभी फट असे. त्या फटीतून प्रकाशाची उभी पट्टी पत्र्यावरून सरकत जाई आणि चित्र पट्टीपट्टीने भरत जाई. एका पत्र्यावर सुमारे १५० अंशांचे दृश्य येई. ज्याने जन्मभर पत्र्यावर कोरले, त्यालाच पत्रा वाकविण्याचे सुचले, हे मला फार स्वाभाविक वाटते.

पण वाकविलेल्या पत्र्याचे काम नाजूक होते. पुढे काचेचे पत्रे आले, आणि काच तर वाकतच नाही. म्हणून कित्येक वर्षे लोकांनी दुसरा मार्ग धरला. कॅमेरा थोडा थोडा वळवीत एकापुढे एक अनेक चित्रे घ्यायची आणि कडेला कड लावून चिकटवायची. १८५८ साली फेलिचे बेआतो याने युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या लखनौची अशी जोडचित्रे केली. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज याने सॅन फ्रान्सिस्को शहरातील एका टेकडीवरच्या श्रीमंत वाड्यावरून तेरा मोठ्या काचांवर सबंध शहर टिपले. जोडल्यावर ते चित्र सुमारे सतरा फूट लांब होते. या शहराचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला तेथे पुन्हा जायचे आहे.

जोडचित्रात एक मोठी अडचण असते. माणसे हलतात. एका काचेतला माणूस दुसरी काच लावीपर्यंत निघून जातो किंवा सांध्यावर अर्धा कापला जातो. म्हणून ते देवळांना, डोंगरांना, शहरांना चालते, माणसांना चालत नाही. ही अडचण सुटली ती वाकणारी फिल्म आल्यावर. १८८९ साली ईस्टमनच्या कारखान्याने सेल्युलॉइडची पारदर्शक फिल्म विकायला काढली, आणि दहा वर्षांच्या आत फिरत्या भिंगाचे कॅमेरे बाजारात मिळू लागले. १९०४ साली विल्यम जॉन्स्टन याने 'सर्कट' नावाच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. यात भिंग एकटे फिरत नाही. घड्याळी यंत्रावर सबंध कॅमेराच गोल फिरतो, आणि आत फिल्म फटीसमोरून बरोबर त्याच गतीने उलट दिशेला सरकते. दोन गतींचा मेळ दातेरी चाकांनी घातलेला असतो. भिंग बदलले की चाकही बदलावे लागते. मेळ चुकला की चित्र फरकटते. लेथवर ज्यांनी आटे पाडले असतील त्यांना हे चटकन समजेल. तेथेही चाकांचे गणित चुकले की आटा चुकतो.

या कॅमेऱ्यांनी अमेरिकेत पलटणी, शाळा, कारखाने, अधिवेशने यांची हातभर लांब चित्रे काढली. खोडकर मुले डाव्या टोकाला उभी राहत, आपले चित्र निघाले की रांगेच्या मागून धावत उजव्या टोकाला जात आणि एकाच चित्रात दोनदा येत. माझ्या अकरा बायकांना एकदाही येता आले नाही, आणि ही पोरे दोनदा येत होती! असो.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, त्या माणसाकडे येतो. त्याचे नाव जॉर्ज लॉरेन्स. जन्म १८६८ सालचा, इलिनॉय राज्यातला. वयाच्या विशीत तो शिकागोला आला आणि बग्ग्या बनविणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसविण्याची एक नवी रीत त्याने तेथे शोधून काढली. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यातील कसब सांगायला नको. लोखंड तापून फुगते, लाकडावर बसते, निवाले की आवळते. काही हलके, काही जड, काही ताठ, काही लवचीक, या सर्वांचा मेळ घालण्याची विद्या त्या हातांत होती. पुढे तो चित्रे काढण्याच्या धंद्यात शिरला आणि छायाचित्रणात जे आजवर अशक्य, तेच आमचे खास काम, अशी त्याने आपल्या दुकानाची जाहिरात केली.

१९०० साली एका रेल्वे कंपनीला आपल्या नव्या गाडीचे, संपूर्ण गाडीचे, बिनसांध्याचे चित्र हवे होते. ते पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडायचे होते. लॉरेन्सने त्यासाठी कॅमेरा तयार करविला, तो ९०० पौंडांचा. काचेसकट त्याचे वजन १४०० पौंड भरे. काच आठ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद होती. कॅमेरा हलवायला पंधरा माणसे लागत आणि काचेवरची धूळ झटकायला एक माणूस कॅमेऱ्याच्या पोटात शिरत असे. चित्राला अडीच मिनिटे लागली. चित्राबरोबर लॉरेन्सचे नाव झाले, कंपनीचे नाव झाले, गाडीचेही झाले. मी वाचलेल्या हकिगतींत त्या पंधरा जणांची संख्या आहे, त्यांची नावे नाहीत. ही गोष्ट मी येथे फक्त नोंदवून ठेवतो.

त्यानंतर लॉरेन्सच्या डोक्याने आकाश घेतले. उंच शिड्या झाल्या, मनोरे झाले, मग तो फुग्याला टांगलेल्या पाळण्यात बसून वर जाऊ लागला. १९०१ साली शिकागोवर दोनशे फुटांहून अधिक उंचीवर असताना पाळणा फुग्यापासून सुटला. माणूस सरळ खाली आला. वाटेत तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या तारा होत्या, त्यांनी त्याला झेलले आणि तो वाचला. यानंतर त्याने जे केले, त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. आमच्या कारखान्यांत अपघात झाला की जखमी माणूस बदलतात आणि यंत्र तसेच ठेवतात. लॉरेन्सने यंत्र बदलले. वर माणूस जाण्याची गरजच काय? कॅमेरा एकटा वर जाऊ दे, माणूस जमिनीवर राहू दे, असे त्याने ठरविले. अर्थात येथे पडणारा आणि ठरविणारा एकच होता, म्हणून निर्णय इतका लवकर झाला.

त्याने कॅमेरा वर पाठविला तो पतंगांनी. एक नव्हे, एकाच दोरीवर ओळीने लावलेले अनेक मोठे पतंग. वाऱ्याच्या जोराप्रमाणे त्यांची संख्या कमीअधिक करायची. या साऱ्या रचनेला तो 'बांधलेले विमान' अशा अर्थाचे नाव देई. कॅमेरा ४९ पौंडांचा, म्हणजे आपले सुमारे बावीस किलो. आत फिल्म वक्राकार बसविलेली होती, म्हणजे मार्टेन्सचीच जुनी कमान. वर वारा कॅमेऱ्याला गरगर फिरवील, त्याला काय करावे? त्याने कॅमेऱ्यापासून तीन बाजूंना लांब बांबू काढले, त्यांच्या टोकांपासून रेशमी दोऱ्या खाली आणून एकत्र बांधल्या आणि त्यांना शिशाचे वजन लावले. पतंग कितीही हेलकावले तरी कॅमेरा समतोल राही. बटण दाबायला वर कोणी नाही, म्हणून पतंगाच्या दोरीतून विजेची तार वर नेली. खालून विजेचा झटका दिला की चित्र निघे. बांबू, रेशीम, शिसे आणि तार. कोणत्याही गावच्या बाजारात मिळतील अशा या वस्तू आहेत.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला. भूकंपापेक्षा त्यामागून लागलेल्या आगीने अधिक नाश केला. पाण्याचे नळ फुटले होते, त्यामुळे आग तीन दिवस जळत राहिली. चार लाखांच्या शहरात दोन लाखांहून अधिक लोक बेघर झाले. ज्या वाड्यावरून मायब्रिजने तेरा काचा भरल्या होत्या, तोही जळाला. काही आठवड्यांनी लॉरेन्स तेथे पोहोचला. त्याने सतरा पतंग चढविले, आणि खाडीवर सुमारे दोन हजार फुटांच्या उंचीवरून मावळतीच्या उजेडात शहराचे चित्र घेतले. फिल्म सुमारे चार फूट लांब होती. खाली बंदराचे धक्के, मध्ये उभा राहिलेला मनोरा, तेथून टेकड्यांकडे गेलेला हमरस्ता, आणि दोन्ही बाजूंना घरांच्या चौकटी, ज्यांत घरे नाहीत. एका चित्राची किंमत त्याने १२५ डॉलर ठेवली. साध्या अमेरिकन कामगाराची ती कित्येक आठवड्यांची मजुरी होती. तरी चित्रे खपली आणि त्याला किमान पंधरा हजार डॉलर मिळाले.

हे चित्र मी प्रथम पुस्तकात पाहिले, तेव्हा थक्क झालो. माझ्या बोळाचा प्रश्न या माणसाने शंभर वर्षांपूर्वीच सोडविला होता, तोही सबंध शहरासाठी. येथे कडेचे काही सुटत नव्हते. मी भिंग घेऊन ते चित्र पुष्कळ वेळ पाहिले, आणि मग एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. या चित्रात शहराचा प्रत्येक रस्ता आहे, पण माणूस दिसत नाही. दोन हजार फुटांवरून माणूस दिसणारच नाही.

आणि त्या शहरात माणसांची मोजदाद कशी झाली होती? १९०७ सालच्या अधिकृत मोजणीत मेलेल्यांचा आकडा पाचशेच्या आतच होता. चिनी वस्तीतले किती, भाड्याच्या खोल्यांतले किती, याचा नीट हिशेब नव्हता. आकडा लहान राहिला की शहराची पत शाबूत राहते, व्यापार परत येतो, असा विचार करणारेही तेथे होते. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्या शहराच्या ग्रंथालयातील ग्लॅडिस हॅन्सेन या बाईंनी एकेक नाव शोधायला सुरुवात केली. पत्रे, दाखले, नातेवाइकांच्या आठवणी यांतून त्यांनी यादी वाढवीत नेली, आणि मृतांचा आकडा तीन हजारांच्या वर असला पाहिजे असा निष्कर्ष काढला. आज इतिहासकार साधारणपणे तोच आकडा मानतात. लॉरेन्सच्या चार फुटी चित्राने जे दाखविले नाही, ते एका ग्रंथपाल बाईंच्या यादीने दाखविले. मला ही दोन्ही माणसे थोर वाटतात. पण दोघांचे काम वेगळे आहे, आणि एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही, हे मला त्यांच्याकडून समजले.

आता थोडे आमच्या कॅमेऱ्याविषयी सांगतो. आमच्या युनियनमध्ये एक निवृत्त पॅटर्नमेकर होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. ओतकामाचे लाकडी नमुने त्यांनी पस्तीस वर्षे केले होते. २०१३ साली मी त्यांना चित्र काढून दाखविले आणि विचारले, "अण्णा, असला कॅमेरा आपल्याला जमेल का?" ते म्हणाले, "तू म्हणतोस ती कमान मी डोळे मिटून करीन. पण भिंग फिरवायचे यंत्र तुझ्या खिशाला परवडायचे नाही. भिंगाशिवाय काही होत असेल तर बघ."

भिंगाशिवाय होते. अंधाऱ्या पेटीला सुईच्या टोकाएवढे भोक पाडले तरी आत चित्र उमटते, हे पुरातन ज्ञान आहे. भोक सर्व बाजूंना सारखेच पाहते, त्यामुळे फिरवायचे काही उरत नाही. अण्णांनी प्लायवुडची अर्धगोल पेटी केली. भोक वर्तुळाच्या मध्याशी आणि फिल्म कमानीवर, म्हणजे फिल्मचा प्रत्येक बिंदू भोकापासून सारख्याच अंतरावर, सात सेंटिमीटरवर. कमान १२० अंशांची घेतली, तेव्हा चित्र जवळजवळ पंधरा सेंटिमीटर लांब झाले. रुंद गुंडाळीची फिल्म घेतली. तिच्या पाठीमागच्या कागदावर आकडे छापलेले असतात. पेटीच्या मागे तांबड्या काचेची खिडकी ठेवली आणि दर तिसऱ्या आकड्याला थांबत गेलो. एका गुंडाळीत चार चित्रे. भोक पितळेच्या पत्र्याला सुईने पाडले, एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित मोठे. सांध्यांना काळे मखमल चिकटविले. भर उन्हात एका चित्राला दोन-तीन सेकंद लागत.

पहिली गुंडाळी धुऊन आली, तेव्हा मी निराश झालो. मधला भाग सुरेख होता आणि दोन्ही कडा काळोख्या होत्या. इतके करून कडा पुन्हा गेल्याच! अण्णांनी पत्रा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "अरे, पत्रा जाड आहे. समोरून भोक दिसते, तिरके पाहिले की बोगदा होतो. उजेड आत शिरणार कसा?" मग त्यांनी तो पत्रा बारीक पॉलिशपेपरवर घासायला घेतला. दोन संध्याकाळी ते घाशीत होते. भोकाभोवतीचा पत्रा कागदाहून पातळ झाला, तेव्हा थांबले. तरीही गोल भोक कडेवरून लंबगोल दिसते, आणि साठ अंशांवर निम्माच उजेड पोहोचतो, हा भूमितीचा नियम आहे. तो काही घासून जात नाही. म्हणून चित्र छापताना कडांना वेगळा वेळ द्यावा लागतो. मध्यभागाला जे आपसूक मिळते, ते कडेला मुद्दाम द्यावे लागते. अण्णांनी यावर काही भाष्य केले नाही, आणि मीही करीत नाही.

असे कोणी म्हणेल की, बाजारात कॅमेरे मिळतात, आता तर हातातल्या फोनमध्येही लांब चित्र निघते, मग हा खटाटोप कशाला? याला माझे उत्तर असे की, जी वस्तू आपण घडवितो तिचे दोषही आपल्याला कळतात. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर आणि त्यांचे सहकारी दामले यांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. बाबुराव हे कारागिराच्या घराण्यातले, पडदे रंगविणारे, शाळेत फारसे न शिकलेले. त्याच बाबुरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला, ज्यात जमीन गेलेला शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो. यंत्र स्वतः घडविणाऱ्या माणसाला पडद्याच्या कडेला कोण उभे आहे हे दिसले, यात मला योगायोग वाटत नाही.

२०१४ सालच्या एक मे रोजी आम्ही त्याच फाटकासमोर जमलो. कारखान्याची इमारत पडून तेथे गोदाम झाले होते, पण बोळ तेवढाच राहिला होता. सोळा वर्षांत बरीच माणसे गेली होती. त्रेसष्ट जण आले. अकरांपैकी सात जणी आल्या. सवयीप्रमाणे सगळे सरळ रांगेत उभे राहू लागले आणि त्या सात जणी आपसूक डाव्या टोकाला गेल्या. मी सांगितले, "रांग नको. कॅमेऱ्याभोवती कमान करा." सरळ रांगेत टोकाची माणसे कॅमेऱ्यापासून लांब पडतात आणि चित्रात लहान येतात. कमानीवर उभे राहिले की प्रत्येकाचे अंतर सारखे, म्हणून प्रत्येकाची आकृती सारख्याच मापाची. त्या सात जणींपैकी सर्वांत वयस्कर होत्या त्या मावशी म्हणाल्या, "आन् कडेला ऱ्हायलं तर येतंय का?" मी म्हटले, "मावशी, येतंय." मी तोंडाने तीन आकडे मोजले. कोणी हलले नाही.

चित्र चांगले आले. पण येथे मला हॅन्सेनबाईंची आठवण झाली. चित्राची मोठी प्रत काढल्यावर आम्ही पाठीमागे कागद लावला आणि त्यावर डावीकडून उजवीकडे त्रेसष्ट नावे लिहिली. नावापुढे काम, आणि किती वर्षे केले ते. मावशींच्या नावापुढे लिहिले, "वाळू चाळणे, नऊ वर्षे." जे गेले, त्यांची यादी खाली वेगळी लिहिली. त्यासाठी घरोघर जावे लागले, आणि फोटोला तीन सेकंद लागले तर या कागदाला तीन महिने लागले. त्या चित्राने भरपाई मिळणार नव्हती. तो दावा कधीच बुडाला होता, आणि आम्ही कोणालाही तशी आशा दाखविली नाही.

श्रोतेहो, आपल्या गावात संस्थांचे सुवर्णमहोत्सव होतात, बँकांचे, शाळांचे, कारखान्यांचे फोटो भिंतींवर लागतात. घरी गेल्यावर आपापल्या संस्थेतला एक जुना फोटो उतरवून पाहावा, एवढी माझी विनंती आहे. मधली नावे सर्वांना पाठ असतात. दोन्ही कडांना कोण उभे आहे ते पाहा, आणि ज्यांना ते ओळखता येते अशी म्हातारी माणसे गावात आहेत तोवर फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने त्यांची नावे लिहून ठेवा. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. आमच्या चित्रात ते नाहीत, कारण पेटीचे झाकण त्यांनीच उघडले आणि त्यांनीच मिटले. त्यांचे काम यादीच्या शेवटी लिहिले आहे.